साफ केलेला आवाज

बिवलकर काका गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात एका फाईलचा आवाज साफ करत होते. मेसेज कॉलनीच्या ग्रुपवर होता. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, फोन पालथा ठेवला आणि फाईल पुरी केली. मग दुसरी उघडली. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. ऑनलाइन कोर्सच्या कंपनीत रोज आठ तास हेडफोन लावून दुसऱ्यांचं बोलणं नीटनेटकं करायचं काम मी सहा वर्षं करते आहे. त्यात खोकला कापायचा, कुत्र्याचं भुंकणं कापायचं, मास्तरांचं 'अं अं' कापायचं. असं करता करता माणूस कुठेतरी बधिर होत असावा. काकांबद्दल लिहायला बसले आहे तेही काही दाटून आलंय म्हणून नाही. त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट झाली, आणि ती कॉलनीत मला आणि काकूंना सोडून कोणाला ठाऊक नाही.

इंद्रपुरी कॉलनीत ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे ग्वाल्हेरचे. मोठ्या कारखान्यात छत्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढून फोरमन म्हणून रिटायर झाले होते. बेताची उंची, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर, आणि कानांच्या पाळ्यांवर केसांचे भरघोस झुपके. कोणाच्याही घरी गेले की चप्पल काढून दारातच थबकायचे. यजमानांना वाटायचं, बिचारे संकोचतायत. काका त्यांचे पंखे ऐकत असायचे.

आमच्याकडे सत्यनारायण होता. कथेचा तिसरा अध्याय चालू, आणि काका माझ्या बाबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "दामले, तुमच्या फ्रिजचं काँप्रेसर थकून राहिलंय. आठेक दिवस काढेल." बाबा चिडले. प्रसाद घेताना धड बोललेही नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी फ्रिज बंद आणि दूध नासलेलं. बाबांनी ते काकांना सांगितलं नाही. पण काका जिन्यातून वर बघत उभे होते, आणि त्यांना न सांगताच कळलेलं होतं. या बाबतीत ते फार गोड माणूस नव्हते. आपलं खरं झालं की त्यांचा चेहरा उजळायचा, मग समोरच्याचं भले नुकसान का होईना.

"माणसं सोडून सगळ्यांचं ऐकतात," काकू म्हणायच्या. काकूंच्या भाचीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी काका मांडवामागे जनरेटरपाशी उभे राहून तिथल्या माणसाला झापत होते. काकू अजून तो अल्बम दाखवतात. "बघ, शोधून दाखव यांना. जनरेटरचा अल्बम काढला असता तर पानोपानी असते."

कान हे त्यांचं हत्यार होतं आणि ते त्याला हत्यारासारखंच जपत. दिवाळीचे चार दिवस तिळाच्या तेलात भिजवलेला कापूस कानांत घालून बसायचे. पाडव्याला नमस्कार करायला गेलं की मान हलवून आशीर्वाद. कोणी काय बोलतंय त्याचा पत्ता नाही.

कारखान्यात मात्र त्या कानाचं काम उरलं नव्हतं. तिथे आता प्रत्येक विजेच्या मोटारीवर बिघाड सांगणारे सेन्सर बसवले होते. पूर्वी रिटायर झालेल्या फोरमनलाही बोलावणं यायचं, गाडी यायची. काकांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी कोणी बोलावलं नाही. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवून विचारलं, "सुनेत्रा, तुझ्या कंपनीत आयटीआयच्या पोरांचे कोर्स आहेत ना? मेंटेनन्सचा आहे?"

"आहे. व्हिडिओ आहेत."

"व्हिडिओत काय दिसणार? बेअरिंग गेलेलं दिसत नाही, ऐकू येतं. सेन्सर बसवायची ऐपत किती जणांची असते? गोविंदपुऱ्यात जा, छोट्या कारखान्यांच्या गल्लीगल्लीत मोटारी चालून राहिल्या आहेत, आणि त्या ऐकणारी आम्ही चार म्हातारी. माझ्या डोक्यात जे आहे ते माझ्याबरोबर जाईल. ते बरं नाही."

एवढं लांबलचक ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मी आमच्या मॅनेजरांना, सक्सेनांना, सांगितलं. नुसत्या आवाजाचा कोर्स स्वस्तात होतो, त्यामुळे ते लगेच हो म्हणाले. चोवीस धडे ठरले.

रेकॉर्डिंग गोविंदपुऱ्यात रईसभाईंच्या वर्कशॉपमध्ये झालं. रईसभाई लेथवर सुटे भाग करून देतात आणि काकांना तीस वर्षं ओळखतात. काकांनी तिथे एक जुनी मोटार जमिनीला घट्ट बसवली आणि भंगारातून निवडून आणलेली खराब बेअरिंगं एकेक करून तिच्यात घातली. एक सुकलेलं, एक गंजलेलं, एक गोळी फुटलेलं, एक तिरकं बसवलेलं. "दादा, लोग मोटर ठीक करते हैं, आप बीमार कर रहे हो," रईसभाई म्हणाले. काका लांब पेचकसाचं टोक मोटारीवर टेकवून मुठीचा भाग कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि मनासारखा बिघाड ऐकू आला की मला बोट वर करून खूण करायचे. एका बिघाडासाठी कधीकधी अख्खी दुपार जायची.

शिकवायची त्यांची रीत स्वयंपाकघरातली होती. मुलांसाठी ते हिंदीत बोलत. "सुनो बेटा. सूजी भुन रही है घी में, ऐसी आवाज आए तो मोटर ठीक है. सूखी कढ़ाई में भुन रही है, तो ग्रीस खत्म. और सूजी में कंकर आ गया, तो काम बंद करो, पहले बेअरिंग बदलो." मग म्हणायचे, "अब सुनो," आणि अर्धा मिनिट मोटार ऐकवायचे. त्या अर्ध्या मिनिटात वर्कशॉपमध्ये कोणी शिंकलं तरी पुन्हा सगळं पहिल्यापासून. काकू म्हणाल्या, "मोटारीत शिरा भाजतात, आणि माझ्या हातचा खाताना तोंडातून शब्द नाही." चोविसावा धडा संपला त्या दिवशी काकांनी सगळी बेअरिंगं परत भंगारात टाकली आणि आम्हाला समोसे खाऊ घातले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या ऑफिसात एक नियम आहे. कुठलीही फाईल अॅपवर जायच्या आधी तिचा आवाज साफ करायचा. त्याचं एक बटण असतं. माणसाचं बोलणं सोडून जे काही असेल, पंखा, रस्ता, घरघर, ते सगळं त्याने जातं. मी चोवीस फाईली एकदम निवडल्या, बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले. जागा अडते म्हणून मूळ फाईली पुसून टाकल्या. तोही नियमच आहे. साफ झालेल्या फाईलींतल्या दोन उघडून पाहिल्या, पहिला अर्धा मिनिट. काकांचा आवाज खणखणीत येत होता. तेवढं बघून मी पुढे पाठवल्या.

कोर्स चांगला चालला. मुलांनी तारे दिले. 'सर बहुत अच्छा समझाते हैं.' 'आवाज एकदम क्लियर.' धड्याच्या शेवटी पाच प्रश्न असायचे, उत्तरं बोलण्यात आलेलीच असायची. मुलं धडाधड पास होत होती आणि नावाचं सर्टिफिकेट डाऊनलोड करत होती. सक्सेनांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं.

एका मुलीने पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. नाव संध्या, गाव गंजबासौदा. 'सर की आवाज आती है, मशीन की नहीं आती.' असं कोणी लिहिलं की द्यायचं एक तयार उत्तर आमच्याकडे असतं. ते मी चिकटवलं: कृपया हेडफोन वापरा आणि नेटवर्क तपासा. दोन दिवसांनी तिने पुन्हा लिहिलं. 'भैया के हेडफोन से भी सुना मैडम. नहीं आती. मेरे ही कान में कुछ होगा. सॉरी.' त्यावर मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

काका दिसेनासे झाले ते त्याच सुमाराला. दिसायचे म्हणजे दिसायचे, पण दारात थबकणं बंद झालं. मी दुसऱ्या कोर्सचं विचारलं तर म्हणाले, "बघू पुढे." रईसभाईंकडे जाणंही सोडलं होतं. एकदा मी तिथे दुसऱ्या कामाला गेले तर रईसभाईंनीच विषय काढला. "दादा को क्या हुआ है? पिछले महीने आए थे. मेरी बड़ी मोटर के पास दस मिनट खड़े रहे, मैं देख रहा था. कुछ बोले नहीं, चले गए. तीसरे दिन बेअरिंग जाम, शाफ्ट टूट गई. दादा को सुनाई न दिया हो, ऐसा हो सकता है?"

मी घरी येऊन काकूंना विचारलं. काका संध्याकाळी फिरायला गेले होते. काकूंनी आधी इकडचं तिकडचं काढलं, मग एकदम म्हणाल्या, "कोणाला सांगू नकोस. यांना ऐकू येत नाही. म्हणजे तसं येतं, बोललेलं सगळं येतं. पण मशीनचं येत नाही म्हणतात. तुझ्या त्या अॅपवर स्वतःचे धडे लावून बसले होते. स्वतःचं बोलणं येतं म्हणे, आणि मोटार आली की काहीच नाही. चोवीसच्या चोवीस धडे ऐकले, रात्रंदिवस फोन कानाला. मग साकेत नगरला मोठ्या दवाखान्यात तपासून घेतलं. बारीक आवाज थोडे कमी येतात, कारखान्यात काम केलेल्यांना होतंच, असं डॉक्टर म्हणाले. तेवढा कागद मिळाला, झालं. त्या दिवसापासून हे असे."

सर की आवाज आती है, मशीन की नहीं आती. तेच शब्द होते. मी उठले, काकूंचा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिली फाईल उघडली. स्क्रीनवर आवाजाची रेघ उमटते. काकांचं बोलणं खाली-वर हलत होतं, 'अब सुनो' झालं, आणि पुढे अर्धा मिनिट सपाट रेघ. मग पुन्हा काकांचा आवाज: "सुना? यही है." चोवीस धड्यांत हेच. काकांनी ती रेघ फोन कानाला दाबून ऐकली होती आणि स्वतःचे कान गेले असं धरून चालले होते. मशीन खोटं बोलेल अशी शंका घ्यायची त्यांची पद्धतच नव्हती. रईसभाईंच्या मोटारीपाशीही जे ऐकू आलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसणार.

मी त्यांना लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बारा दिवस गेले. भीती वाटत होती म्हणावं तर तसंही नाही. मी जिन्यातून उतरायचे, त्यांचं दार बंद असायचं, मी पुढे जायचे. सक्सेनांना सांगितलं तर म्हणाले, "रेटिंग अच्छी है ना? रहने दो." मला शरम वाटायला हवी होती. ती फार उशिरा, हळूहळू वाटायला लागली. तेराव्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना मी त्यांची बेल वाजवली.

काका सतरंजीवर बसून मटार सोलत होते. आयुष्यात त्यांनी घरातली काडी इकडची तिकडे केली नव्हती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काका, तुमच्या कानांना काही झालेलं नाही."

"डॉक्टरचा कागद आहे माझ्याजवळ."

"तो वयाचा आहे. अॅपवर तुम्हाला मोटार ऐकू आली नाही, कारण तिथे मोटार नाहीच. मी काढून टाकली."

"काढून टाकली म्हणजे?"

मी सांगितलं. बटणाचं सांगितलं, नियमाचं सांगितलं, मूळ फाईली पुसल्याचं सांगितलं. "आमच्याकडे बोलणं सोडून बाकी सगळी घाण समजतात," मी म्हटलं. ते शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "माझं मन राखायला बोलून राहिलीस. काकूने पाठवलं ना तुला?"

त्यांना पटवायला माझ्याकडे पुरावा एकच होता. मी फोनवर संध्याचं लिहिणं काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, ओठ हलवत, तीनदा.

"हे केव्हाचं आहे?"

"चार महिने झाले."

"आणि हे खालचं, हेडफोन वापरा, हे कोणी लिहिलं?"

"मीच."

काकूंनी ओट्यापाशी गॅस बंद केला. मला वाटलं आता काका ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "किती पोरांनी केला हा कोर्स?"

"नऊशेच्या वर."

"पास किती?"

"सगळे."

"मी म्हणतो 'अब सुनो', आणि पुढे काहीच नाही. चोवीस वेळा. आणि एकानेही विचारलं नाही, मशीन कुठे आहे?"

"हिने विचारलं."

काकांनी संध्याचं लिहिणं बोटाने पुन्हा वर सरकवलं. स्वतःचे कान परत मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी शोधत होते. तो नव्हता. "हिचा नंबर काढ," ते म्हणाले.

नंबर कंपनीच्या यादीत होता. तो कोणाला द्यायचा नसतो, मी दिला. काकांनी तिथेच, माझ्यासमोर लावला. फोन वडिलांनी उचलला. फोन स्पीकरवर होता. "संध्या? वो अब नहीं पढ़ती साहब. आईटीआई छुड़वा दी. कान में तकलीफ है उसके, मशीन का काम कैसे करेगी? सिलाई पर बिठा दिया है." काकांनी पत्ता विचारून घेतला आणि वर्तमानपत्राच्या कडेला टेस्टरवाल्या खिशातून पेन्सिल काढून लिहिला. मग फोन मला परत दिला आणि काकूंना म्हणाले, "उद्या सकाळी डबा लागेल."

त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत दर रविवारी ते गंजबासौद्याला जात राहिले. संध्याने पुन्हा आयटीआयत नाव घातलं, हे मला काकूंकडून कळलं. माझ्याशी काका पूर्वीसारखेच बोलत, म्हणजे कमीच. मी संध्याच्या मेसेजखाली लिहिलं होतं की चूक तुझ्या कानांची नव्हती, आमची होती. सक्सेनांनी ते काढून टाकायला लावलं आणि मी काढलं. कोर्स अॅपवर अजून आहे. काका गेले तरी 'अब सुनो' म्हणतात, आणि पोरं पास होतात. मेच्या शेवटी त्यांना दुपारी घाम फुटला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. शेवटचं मी त्यांना कधी पाहिलं ते खरंच सांगता येत नाही. जिन्यातच कुठेतरी असेल. पण आठवायला गेलं की पहिल्या खेपेची ती बुधवारची सकाळ समोर येते. मी त्यांना स्कूटरवरून बस स्टँडला सोडायला गेले होते.

थंडी होती. त्यांनी मफलर गळ्यात घेतला होता, कानांवर घेतला नव्हता. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते, काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "काका, रविवारी गेला असतात तर मीही आले असते. चार दिवसांनी काय बिघडणार होतं? नाहीतर फोनवर सांगितलं असतं."

"फोनवरचं ती मानणार नाही. मी मानलं होतं?" त्यांनी काच आणखी सरकवली. "तिथे पिठाची गिरणी असेलच कुठेतरी. तिथे नेऊन उभी करीन. तिच्या तोंडून काढून घेईन काय ऐकू येतंय ते. पण पोचल्याबरोबर आधी एवढंच सांगीन, की कान चांगले आहेत तुझे. चार महिने ते मलाही कोणी सांगितलं नाही, सुनेत्रा. अजून चार दिवस तिला तसं कशाला राहू द्यायचं?"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. काकांनी डबा मांडीवर घेतला आणि समोर बघत बसले. बस फाटकातून वळली, मी स्कूटर काढली आणि ऑफिसला गेले.